आरशावरचा दिवा

माझ्या ताईच्या भाषेत माझं नाव म्हणजे अंगठा. मूठ वळायची, अंगठा वर काढायचा आणि हवेतच चार-पाच वेळा भराभर दाबायचा, की झाले मी. नव्या माणसाने या खुणेचं कारण विचारलं तर मी सांगते की लहानपणी मी फार चपळ होते. खरं कारण तेवढं बरं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना आलेल्या तापात तिचे दोन्ही कान गेले. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि मोरी. बाबा गिरणीत वायरमन होते. ताई बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायला लागली तेव्हा बाबांनी दाराबाहेर, नावाच्या पाटीखाली, एक बटण बसवलं आणि आत भिंतीवरच्या आरशाच्या वर एक दिवा. बाहेरून बटण दाबलं की दिवा लागायचा, बोट उचललं की विझायचा. दिवा दारावर न लावता आरशावर का, असं आईने विचारलं होतं. बाबा म्हणाले, "दिव्याकडे बघताना आरशात बघेल, केस सारखे करील आणि मग दार उघडेल. कुणी यावं आणि आमच्या पोरीला गबाळी म्हणून जावं, असं नको." बाबांचं हे म्हणणं ताईने आयुष्यभर पाळलं. दिवा लागला की ती उठते, आरशासमोर उभी राहते, दोन्ही हातांनी केस मागे सारते आणि मगच कडी काढते. विस्कटलेली ताई कुणाही पाहुण्याने बघितलेली नाही.

चाळीत दारं तशी दिवसभर उघडीच असायची, पण दुपारच्या झोपेला, कपडे बदलताना ती लागायची, आणि तेव्हा त्या दिव्यावरून कोण आलंय हे ताईला बरोबर कळायचं. पोस्टमन एकदाच दाबायचा, लांब. शेजारच्या वहिनी दोनदा, मोजून. आणि मी शाळेतून भुकेली आले की बटणावर तुटून पडायचे. ताई केस सारखे करून येईपर्यंत मला धीर निघायचा नाही. आत दिवा लखलख लखलख होत राहायचा. इतक्या घाईने बटण दाबणारं अख्ख्या चाळीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणून माझं नाव अंगठा.

माझा स्वभाव आजही तसाच आहे. नोकरीत असताना शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर शिक्षकसुद्धा जपून बोलायचे. ताईच्या बाबतीत तर मला वाटायचं की देवाने तिचे कान काढून घेतले ते मला जास्तीचे दिले. हॉस्पिटल असो, बँक असो, रेशनचं ऑफिस असो, मी तिच्या पुढे. लोक तिच्याकडे बघून मला विचारायचे, "यांना चहा चालेल का?" आणि मी तिच्याकडे न बघताच सांगायचे, "चालेल, साखर कमी." ताईला साखर कमी लागते की नाही हे मी तिला शेवटचं कधी विचारलं होतं, देव जाणे.

तिचे खरे कान होत्या त्या शेजारच्या वहिनी. आम्ही मालवणकडचे, त्याही तिकडच्याच. दोन खोल्यांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. ताईने कुकर लावला की वहिनी पलीकडून शिट्ट्या मोजायच्या आणि गॅलरीतल्या खिडकीशी येऊन तीन बोटं दाखवायच्या. ताई गॅस बंद करायची. फळीला एक भोक होतं, त्यातून सुतळी गेलेली होती. तिचं एक टोक रात्री ताईच्या मनगटाला आणि दुसरं वहिनींच्या खाटेला. पहाटे नळाला पाणी आलं की वहिनी सुतळी ओढायच्या. एकदा कुणाच्या तरी खोलीत स्टोव्ह भडकला तेव्हा त्यांनी ती इतक्या जोरात ओढली की ताईच्या मनगटावर आठ दिवस वळ राहिला. ताई तो वळ सगळ्यांना कौतुकाने दाखवत होती.

मग चाळ पाडली, टॉवर उभा राहिला आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटली गेली. ताईला चौदावा मजला मिळाला आणि वहिनींना सहावा. सुतळी आठ मजले खाली कशी सोडणार? नव्या घरात ताईने पहिल्या दिवशी बाबांचा दिवा, बटण आणि तो जुना आरसा तसाच्या तसा लावून घेतला. कुकर मात्र माळ्यावर टाकला. शिट्ट्या मोजायला कुणी नाही, म्हणून ती सगळं टोपात शिजवायला लागली.

बाबांच्या मागे आईही गेल्यावर ती त्या घरात एकटी राहिली आणि माझ्या जिवाला घोर लागला. चौदाव्या मजल्यावर चार दारं, चारही बंद. टीव्हीवर कुठल्याही इमारतीला आग लागल्याचं दिसलं की मी तिला व्हिडिओ कॉल लावायचे आणि ती शांतपणे शिवणकाम दाखवायची. ताई गणपतीच्या मूर्तींचे शेले, फेटे आणि पितांबर शिवते. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं तिच्याकडे कापड घेऊन येतात, बोटांनी माप सांगतात आणि वेळेवर घेऊन जातात. तिला कुणाच्या दारात जावं लागत नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी हट्टाला पेटले. वडाळ्याला आमच्याकडे एक खोली रिकामी होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, "यंदाच्या गणपतींचं काम उरकलं की तुझं सामान माझ्याकडे हलवायचं. तुला ऐकू येत नाही आणि तू एकटी आहेस. आग लागली तर तुला कळणार कसं?"

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा तिने माझ्यापुढे एक भरलेला फॉर्म ठेवला. मी दर शनिवारी चारला तिच्याकडे जाते आणि ती माझ्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ करते, हा आमचा नेम. तर त्या उसळीच्या ताटाशेजारी तो फॉर्म. बहिऱ्या माणसांसाठी काम करणारी एक संस्था सवलतीत स्मोक अलार्म देत होती. खर्चाचा मोठा वाटा संस्थेचा, थोडा आपला. तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला होता. अलार्मचे तीन भाग होते. एक गोल डबी स्वयंपाकघराच्या छताला, ती धूर ओळखणार. एक दिवा हॉलमध्ये, तो भराभर उघडझाप करणार. आणि एक चकती उशीखाली, ती थरथरून झोपलेल्याला उठवणार. ताईने हॉस्पिटलचा दाखला जोडला होता, सोसायटीचं पत्र आणलं होतं, फोटो चिकटवला होता. सगळं एकटीने. माझ्या हाती तिने फक्त वाचायला दिलं.

"आता कळेल मला," ती हातांनी म्हणाली. "आता मी इथेच राहणार."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझ्याशिवाय तिचं एवढं मोठं काम झालं याचा तो राग होता, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. मी म्हटलं, "बसू दे आधी. मग बघू."

अलार्म बसवायला संस्थेचा जो माणूस आला तो स्वतःच बहिरा होता. पन्नाशीचा, अंगाने जाडसर, खांद्यावर अवजारांची पिशवी. त्याने बाहेरचं बटण शिस्तीत एकदा दाबलं, ताईने केस सारखे करून दार उघडलं आणि पाच मिनिटांत दोघांना पत्ता लागला की ते एकाच शाळेतले. तो गिरगावचा, ताईच्या मागे बऱ्याच वर्षांनी त्याच शाळेत शिकलेला. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दोघांचे हात थांबेनात. शाळेतल्या कुठल्याशा बाईंची चालण्याची ढब त्याने करून दाखवली तेव्हा ताई आवाज करून हसली. तिचं ते हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्या घरातल्या खुणा वेगळ्या, साध्या, लहानपणापासून आम्ही तयार केलेल्या. त्या दोघांची भाषा पुरी होती, भरधाव होती, आणि मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला फार एकटं वाटलं. एका खोलीत तीन माणसं, आणि त्यातली बहिरी मी होते.

चहा झाल्यावर त्याने काम सुरू केलं. गोल डबी स्वयंपाकघरात बसली. उघडझाप करणारा दिवा त्याला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लावायचा होता. मी मध्ये पडले. आरशाजवळची भिंत दाखवली. तिथे प्लगही होता आणि ताईला पन्नासहून जास्त वर्षं तिकडेच बघायची सवय. त्याने मान हलवली. बाबांच्या दिव्याकडे बोट केलं, मग हातातल्या दिव्याकडे, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून कपाळाशी नेली. म्हणजे, गोंधळ होईल. हे मला अगदी स्वच्छ कळलं. तरी मी माझ्या फोनवर लिहून त्याच्यासमोर धरलं : "मी तिची सख्खी बहीण आहे. तिला काय सोयीचं ते मला माहीत आहे."

त्याने ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने उघडा तळवा हळूच बाजूला सारला. ही खूण ती लहानपणापासून करत आली आहे. माझ्या हट्टापायी तिची बाहुली गेली तेव्हा, तिच्या वाटणीची खिडकीजवळची जागा मी घेतली तेव्हा. जाऊ दे.

दिवा आरशाशेजारी लागला. नंतर संस्थेचा नियम होता तो सरावाचा. माणसाने आपलं रोजचं काम करत बसायचं, अलार्मवाला मध्येच कधीतरी बटण दाबून दिवा चालू करणार, आणि माणसाने सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघायचा, मग घराबाहेर पडायचं. असं तीनदा. एकदा झालं. ताईने नीट केलं. पण ती तर तयारीतच बसली होती, दिवा कधी लागतो याची वाट बघत. दुसऱ्या वेळेआधी ती दोघं पुन्हा शाळेच्या गप्पांत शिरली आणि माझा धीर सुटला. मी घड्याळ दाखवलं. फोनवर लिहिलं, "उरलेलं मी करून घेते तिच्याकडून." त्याच्या कागदावर 'सराव तीन वेळा झाला' असं छापलेलं होतं, त्याखाली मी सही ठोकली. तो जाताना ताईला वाकून नमस्कार करून गेला. मला नुसती मान.

तो गेल्यावर आम्ही भांडलो. ती म्हणाली, "आता वडाळ्याचं नाव काढायचं नाही." मी म्हणाले, "एक दिवा लागला म्हणून काय झालं? गणपतीनंतर यायचंच आहे तुला." मग तिने विचारलं, "मग हे सगळं मी कशासाठी केलं?" मी काहीतरी लागेल असं बोलले. काय ते इथे लिहीत नाही, मला लाज वाटते. ताईने डोळे मिटून घेतले. तिच्याशी भांडताना हे एक असतं. तिने डोळे मिटले की भांडण संपलं. पुढे तुम्ही कितीही हातवारे करा, तोंड वाजवा, तिच्यापर्यंत काही जात नाही. मी पर्स उचलली आणि निघून आले.

पुढचे तीन शनिवार मी गेले नाही. तिने आधी मेसेज करावा असं मला वाटत होतं. ती मेसेज करणार नाही हेही मला ठाऊक होतं. तिच्याकडून करून घ्यायचा सराव अर्थातच राहिला.

चौथ्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "गो बाय, आधी खाली बस," त्या म्हणाल्या. "ताई बरी आसा. काय्येक झाला नाय तिका. पण तू ये."

वडाळ्याहून लालबागपर्यंत टॅक्सीत मी काय काय कल्पना केल्या ते माझं मला माहीत. पोचले तेव्हा चौदाव्या मजल्यावर जळक्या वासाने डोकं उठत होतं. ताईचं दार सताड उघडं. ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, अनवाणी, पावलं धुळीने काळी झालेली. शेजारी वहिनी. मी आधी ताईचे हात, चेहरा, केस तपासले. कुठे भाजलेलं नव्हतं. मग स्वयंपाकघरात गेले. छत काळवंडलं होतं, ओट्याजवळचा पडदा अर्धा जळून गेला होता, आणि सिंकमध्ये तो टोप पडला होता. त्याच्या तळाला काळे वाटाणे कोळशासारखे चिकटले होते.

काय झालं ते वहिनींनी सांगितलं. ताईने वाटाणे शिजत ठेवले, वास हॉलमध्ये येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि मशीनवर पितांबराची किनार लावायला बसली. पाणी आटलं, वाटाणे करपले, धूर झाला, अलार्मचा दिवा लागला. दिवा अगदी चोख लागला. पण ताई स्वयंपाकघरात गेलीच नाही. घराचं दार उघडून, ते तसंच टाकून, ती लिफ्टने खाली गेली. वॉचमनने तिला गेटबाहेर रस्त्यावर अनवाणी उभं पाहिलं. इकडे पडद्याने पेट घेतला आणि धूर उघड्या दारातून बाहेर आला. समोरच्या घरातले गृहस्थ नशिबाने त्याच वेळी कामावरून येत होते. त्यांनी आत शिरून गॅस बंद केला, बादलीभर पाणी मारलं आणि इंटरकॉमवरून वहिनींना बोलावलं.

हे ऐकताना माझी भीती संपली आणि तिची जागा रागाने घेतली. राग नुसता नव्हता, त्यात एक प्रकारचं समाधान होतं. मी जिंकले होते. मी ताईसमोर उभी राहिले आणि हात आपटत म्हणाले, "बघितलंस? मी सांगत नव्हते? अलार्म लावून काय उपयोग झाला? आता पुरे. सामान भर. गणपतीपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. आजच चल."

तिने मशीनकडे पाहिलं. मशीनवर तो अर्धा शिवलेला पिवळा पितांबर तसाच होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने डोळे मिटले नाहीत. या वेळी भांडायलाही तिच्याकडे काही उरलं नव्हतं. तिने हळूहळू मान हलवली. येते.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण शेवटचा शब्द आपला असावा ही माझी जुनी खोड. मी विचारलं, "एक सांग मला. दिवा लागलेला दिसला ना? मग गॅस बघायचा सोडून खाली कशाला पळालीस?"

ताईने आरशाशेजारच्या त्या नव्या दिव्याकडे बोट केलं. मग मुठीची उघडझाप करून दाखवली, भराभर, न थांबता. लखलख लखलख. आणि मग तिने मूठ वळली, अंगठा वर काढला आणि हवेत चार-पाच वेळा दाबला.

मी.

तिचे हात पुढे बोलत राहिले आणि या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. मान खाली घालून शिवत होते. कापडावर उजेड उडायला लागला. असं फक्त तू करतेस. मला वाटलं, तू आलीस. राग गेला तुझा. दिवा कुठला ते बघितलंच नाही, उठून केस सारखे केले. दार उघडलं तर कुणी नाही. लिफ्ट खाली चाललेली. मला वाटलं, मी दार उघडायला वेळ लावला म्हणून तू चिडून परत गेलीस. म्हणून मी धावले. खाली तू नव्हतीस. बसस्टॉपवर पण नव्हतीस.

मी खालीच बसले, तिच्या खुर्चीपाशी. वहिनींना खुणांमधलं जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिका सगळा कळता गो. तुकाच कळना नाय."

तीन शनिवार मी गेले नव्हते आणि चारही शनिवार तिने वाटाणे भिजत घातले होते. हे मला नंतर फ्रिज उघडल्यावर समजलं. तिथे मागच्या तिन्ही शनिवारांची उसळ डब्यांत तशीच होती, न खाल्लेली. पण त्या क्षणी मला दिसत होती ती फक्त तिची काळी झालेली पावलं. साठी उलटलेली माझी बहीण, जी अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा केस विस्कटलेली कुणाला दिसत नाही, ती माझी समजूत काढायला अनवाणी भर रस्त्यात गेली होती. आणि ज्या भिंतीवर तो दिवा होता ती भिंत मी निवडली होती. ज्याला यातलं कळत होतं त्याला मी गप्प केलं होतं, आणि जिचं घर तिला तर विचारलंच नव्हतं. मी रडले. उजवा हात छातीवर गोल फिरवून मी ताईची माफी मागितली. ही खूण मला येते, पण मी ती फार वेळा वापरलेली नाही. ताईने आधी माझं नाक पुसलं, मग पदराने स्वतःचं.

"चूक माझी," मी तिला सांगितलं. "दिवा तिथे मी लावायला लावला. सराव मी बुडवला. तू कुठेही जायचं नाहीस."

तिचा विश्वास बसेना. मी पुन्हा सांगितलं, शेवटचा भाग तेवढा.

त्याच आठवड्यात मी संस्थेला मेसेज लिहिला. सही खोटी होती, सराव एकदाच झाला होता आणि दिव्याची जागा मी हट्टाने बदलायला लावली होती, असं सगळं कबूल केलं. तो अलार्मवाला पुन्हा आला. मला वाटलं, ऐकवेल दोन शब्द. त्याने काही ऐकवलं नाही. फक्त दिव्याची जागा विचारली, आणि विचारली ती ताईला. ताईने स्वयंपाकघराच्या चौकटीकडे बोट दाखवलं, मग मशीनही उचलून फिरवून ठेवायला लावलं, आता चौकट समोर येईल असं. हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी सोफ्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. सराव तीनदा झाला. ताईला समाधान वाटेना, तिने चौथ्यांदा करायला लावला, आणि त्या वेळी मुद्दाम कारखान्याच्या माणसाकडून मूर्तीचं माप घेत असतानाच. दिवा लागला तशी ती त्याच्या हातात टेप सोडून स्वयंपाकघरात गेली, गॅसचा खटका बघितला, आणि जाता जाता त्या भांबावलेल्या माणसाचं मनगट धरून त्यालाही बाहेर घेऊन गेली. मी सोफ्यावरून उठून दारात आले होते. मलाही तिने ओढून बाहेर काढलं.

वडाळ्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. काळजी गेली असं नाही. अजूनही टीव्हीवर धूर दिसला की मी तिला व्हिडिओ कॉल लावते. पण ती माझी काळजी आहे, आणि ते तिचं घर आहे.

त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी चारला तिच्या दारात उभी राहिले. टॅक्सीत मी ठरवून टाकलं होतं की आता आपण स्वभाव बदलायचा. मी बटण एकदाच दाबलं, हळू, आणि बोट उचललं. आत जरा वेळ गेला. मग साखळी न काढताच दार बोटभर उघडलं आणि फटीतून ताईचा परक्या माणसासाठी ठेवलेला चेहरा दिसला. मला पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. साखळी काढून तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे," मी म्हणाले. "तुझा पुन्हा घोटाळा होऊ नये म्हणून हळू दाबलं. यापुढे असंच दाबणार."

तिने वळून स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या दिव्याकडे बोट केलं. तो धुराचा. तो आता तिकडे आहे. मग आरशावरचा बाबांचा जुना दिवा दाखवला आणि अंगठा हवेत भराभर दाबला. हा तुझा.

आणि तिने माझे खांदे धरून मला सरळ दाराबाहेर ढकललं. दार लावून घेतलं.

मी हातात पिशवी घेऊन लिफ्टसमोर उभी. समोरच्या घरातले गृहस्थ बाहेर निघाले होते, ते माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बटणावर अंगठा ठेवला आणि शाळेतून भुकेली आल्यावर दाबायचे तसं भराभर दाबत सुटले. दार लगेच उघडलं नाही. आत ती आरशासमोर केस सारखे करत होती. मी बोट उचललं आणि थांबले.